मदत हवी आहे: गावात ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइनसारख्या नशेच्या) व्यसनावर सगळ्यांनी मिळून काम, पण उपचार टिकत नाहीत

गटात नर्स, शिक्षक, पोलीस आणि स्वतः यातून बाहेर पडलेले दोघं आहेत. ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्झोनचा स्प्रे नाकात कसा मारायचा, त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरून श्वास परत मंदावू शकतो म्हणून माणसाला एकटं सोडायचं नाही, हे शिकवून झालंय. अडतंय पुढे. ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडची तलफ आवरणारं, या व्यसनावरचं औषध) देणारा डॉक्टर लांब, फोनवर तपासणी करायची तर नेट जेमतेम, आणि गावात काही लपत नाही त्यामुळे वेगळ्या केंद्रात कुणी पाऊलच टाकत नाही. नुसतं डिटॉक्स (नशा बंद करून शरीरातून उतरवणं) सुचवू नका प्लीज, त्यानंतर शरीराची डोस सोसायची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. नेहमीच्या दवाखान्यात, बीपी-शुगरच्याच रांगेत हे औषध कुणी सुरू केलंय का, आणि पोलीस सोबत असताना पेशंटची नावं त्यांच्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून नेमकं काय ठरवलंत?