मदत हवी आहे: मेजर स्टॅट्स घेऊ की मॅथ्स?

एफवायबीएस्सीला आहे, विषय मॅथ्स, स्टॅट्स आणि फिजिक्स. नवीन एनईपी (राष्ट्रीय शिक्षण धोरण) पॅटर्नमुळे सेकंड इयरला एकच मेजर म्हणजे मुख्य विषय ठरवायचाय आणि एक मायनर म्हणजे दुय्यम. फिजिक्स सोडणार हे नक्की, प्रॅक्टिकलला मन लागतच नाही. प्रॉबॅबिलिटीची गणितं मात्र रात्री उशिरापर्यंत सोडवत बसले तरी कंटाळा येत नाही, आणि मॅथ्समधलं प्रूफ जमलं की तेवढंच भारी वाटतं, त्यामुळे आवडीवरून काही ठरत नाहीये.

करिअरचं अजून पक्कं नाही. जॅम (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी, नाहीतर यूपीएससीची आयएसएस (इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस), नाहीतर सरळ डेटाचा जॉब, तिन्ही डोक्यात आहेत. आयएसएसला पदवीत स्टॅट्स हा एक विषय लागतो हे वाचलंय, पण मायनर म्हणून घेतलेला चालतो का ते कुठेच नीट लिहिलेलं नाही. सरांना विचारलं, सीनियर्सना विचारलं, पण ते सगळे जुन्या पॅटर्नचे.

इंजिनिअरिंग सुचवू नका प्लीज, फी झेपणार नाही. पदवी होईपर्यंत नांदेड सोडता येणार नाही, क्लासही ऑनलाईनच. पायथॉन थोडं येतं.

मॅथ्स मेजर आणि स्टॅट्स मायनर घेतलं तर स्टॅट्सच्या एमएस्सीला आणि आयएसएसला अडचण येते का? एनईपी पॅटर्नमधून कोणी फॉर्म भरलाय का?