मदत हवी आहे: घरफोडीची तक्रार दिली, आता पुढे काय? (गोवा)

नमस्कार. चवथीला आम्ही सगळे सत्तरीतल्या मूळ घरी होतो. बार्देशातला फ्लॅट पाच दिवस बंद. परत आलो तर कडी उचकटलेली, कपाट उघडं, आईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र गेलेलं. त्याच दिवशी तक्रार दिली. पंचनामा झाला, ठसे घेणारे येऊन गेले, एफआयआरची प्रत मिळाली. त्याला ७ आठवडे झाले, त्यानंतर एकही फोन नाही. मी दोनदा जाऊन आले. "तपास चालू आहे," एवढंच.

कपाटाच्या दारावरची ठशांची काळी पूड आईने अजून पुसलेली नाही. पुसली तर केस बिघडेल असं तिच्या मनात बसलंय. रोज साडी काढताना पदर सावरत दार उघडते. मला बघवत नाही.

पोलिसांनी आपणहून कळवायचं असतं, की आपणच खेपा घालायच्या? दागिने सापडलेच तर खटला संपेपर्यंत अडकून राहणार का? वकील करावा लागेल? आणि देवघरातली चांदीची समई तक्रारीत नाही. ती मूळ घरी नेली असंच आम्ही समजत होतो.

प्रतिसाद

ताई, आधी पुडीचं. ठसे उचलून झाले की त्या दाराचं काम सहसा संपतं. तरी तपास अधिकाऱ्यांना फोन लावा, आईंसमोर, स्पीकरवर. त्यांच्या तोंडून ऐकलं की आईंना धीर येईल.

समईसाठी पुरवणी जबाब द्या, उशीर का झाला तेही सांगा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मेसेजवरही कळवता येतं. तोवर गेलात तर तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाहीच आलं तर पोलीस अधीक्षकांकडे जा. तपास बंद करायचा ठरवला तरी कोर्टाने तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो अहवाल स्वीकारायचा नसतो, म्हणून नोटीस आली तर तारीख चुकवू नका.

दागिने सापडले तर ओळख पटवायला बोलावतील. मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, हमीपत्र देऊन, खटला चालू असतानाच ते ताब्यात मिळू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की असा माल पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नये. मिळाले तरी विकायचे नाहीत, मोडायचे नाहीत. सराफाची बिलं नसतील तर अंगावर दागिना असलेला जुना फोटो शोधा.

खटला सरकारी वकील चालवतात. स्वतःचा वकील हवाच असेल तर महिलांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो, १५१०० वर फोन करा.

धागाकर्ती

आत्ताच बोलले. पुसा म्हणाले. आई फडकं भिजवून आणतेय. बिलं नाहीत, पण माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तिच्या हातात पाटल्या स्पष्ट दिसतात. उद्या तो फोटो आणि समईचा जबाब घेऊन जाते.