सायन्स, समाजशास्त्रं, मानव्यविद्या: चूक ठरलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं?

फिजिक्सचा_विद्यार्थी:
माझा एक रूममेट अर्थशास्त्रात पीएचडी करतोय, दुसरा संस्कृतमध्ये. जेवताना रोज वाद. आमच्याकडे एखादी गोष्ट चुकीची ठरली की संपली, वस्तू जळताना तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य निघून जातं असं मानायचे, पण रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनंतर ते कोणी वापरत नाही. यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचे वाद अजून चालूच! मग प्रगती मोजायची कशी? सी. पी. स्नोने १९५९ मध्ये केंब्रिजला 'दोन संस्कृतीं'वर भाषण दिलं, एकीकडे वैज्ञानिक, दुसरीकडे साहित्यिक. त्यात समाजशास्त्रं कुठे बसवायची? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

आकडेमोड:
गरिबीचंच घ्या. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ही रेषा धरली. पुढे २००९ मध्ये तेंडुलकर समितीने कॅलरीचा आधार सोडला, शिक्षण-आरोग्याचा खर्चही बघितला. आता गंमत बघा, २००४-०५ ची एनएसएसची (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची) पाहणी तीच, पण जुन्या पद्धतीने गरीब २७.५ टक्के आणि तेंडुलकरांच्या पद्धतीने ३७.२. यातला चूक कुठला? मोजण्यात गडबड नाहीये, माणसाला जगायला काय काय लागतं याचं उत्तर वेगळं दिलंय. आणि तुमच्या इलेक्ट्रॉनला आपण काय व्याख्या केली याने काही फरक पडत नाही, इथे मात्र कुणाला योजनेचा लाभ मिळणार हे अशा रेषेवर ठरू शकतं, त्यामुळे वाद चालू राहणारच आणि राहायलाच हवा. अर्थात काहीही चालतं असं नाही, सॅम्पल वाकडं असेल तर आम्हीही पेपर बाजूला ठेवतो.

पोथीवाला:
आमच्याकडे तर हरलेला पाठ, म्हणजे संपादकांनी न स्वीकारलेला पोथीतला शब्द किंवा ओळ, त्याच पानावर राहतो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (अनेक पोथ्या ताडून केलेली, १९६६ ला पूर्ण झाली) उघडून बघा. वर संपादकांनी स्वीकारलेला श्लोक, खाली कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे ते सगळं. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही घरोघरी माहीत असलेली गोष्ट मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे! फेकून दिली नाही, कारण नंतर भर पडली असली तरी लोकांनी ती शतकानुशतकं ऐकलीय आणि ते ऐकणं हाही आमच्या अभ्यासाचाच विषय. शिवाय उद्या कुणाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर सगळा पुरावा समोरच आहे. प्रमुख संपादक सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते हे फार कमी जणांना माहीत असतं.

डोंगरवाट:
गणिताचं निघालंच आहे तर दा. ध. कोसंबी, गणितज्ञ आणि इतिहासकारही. हातोहात फिरून नाणं झिजतं, वजन घटतं, म्हणून त्यांनी तक्षशिलेची आहत नाणी (ठसे मारून केलेली प्राचीन नाणी) तोलली, फिरताना मागच्या बाजूला मारले गेलेले ठसे मोजले, तर ठसे जास्त तसं सरासरी वजन कमी. म्हणजे कुठलं नाणं जास्त फिरलं ते तराजूने सांगितलं. पण ती पाडली कोणी, व्यापार कसा चालायचा, याला ग्रंथ आणि समाजाची जाणच लागते, आणि तोच माणूस संस्कृत कवी भर्तृहरीच्या पोथ्याही ताडून बघत होता. त्यामुळे भिंत माणसांमध्ये नसते असं मला वाटतं, प्रश्न बदलला की पुरावा बदलतो.

फिजिक्सचा_विद्यार्थी:
तेंडुलकर अहवाल रूममेटकडून घेतोच आज. पोथीवाला, एक शंका: परिशिष्टात किंवा तळटीपेत टाकलेला मजकूरच जुना होता असं म्हणत नंतर कुणी वाद घातलाय का? आणि तो सुटतो कशावर, पोथ्यांच्या संख्येवर की वयावर?