गव्हांकुराचा रस: घरी लावू, गाडीवर पिऊ की नाद सोडू?

माजिवड्याची मीरा
मंडळी, सल्ला हवाय. सासूबाईंचं (वय 63) हिमोग्लोबिन 9.6 आलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्या त्यांना सोसत नाहीत. पोट जड होतं म्हणून चार दिवस घेतात आणि सोडून देतात. सकाळी तलावपाळीला फेरी मारायला जातात. तिथल्या एका रसवाल्याने डोक्यात भरवलंय की गव्हांकुराचा रस म्हणजे 'हिरवं रक्त', महिनाभर घ्या आणि गोळ्या विसरा. गाडीवर पाटीच आहे: '1 किलो गव्हांकुर = 23 किलो भाज्या'. आता सासरेही सोबत एक ग्लास घेऊ लागलेत. त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, एरवी ठणठणीत.

गाडीवरच्या स्वच्छतेचं मला काही खरं वाटत नाही. घरी लावायचं तर कोणता गहू, किती रस? की पावडर आणावी? आणि मुळात याने रक्त वाढतं का? अनुभव असेल त्यांनी लिहा. फॉरवर्ड नकोत, ते घरात भरपूर येतात.

नेरूळची लॅबवाली
बाकी सगळं नंतर. सासऱ्यांचा ग्लास आजच थांबवा. झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी चालू आहे का? असेल तर ती गोळी व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि कोवळ्या हिरव्या पात्यांत व्हिटॅमिन के चांगलंच असतं. रोजच्या आहारात ते अचानक वाढलं की गोळीचा जोर कमी पडतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरायची भीती. पालक-मेथी खाऊच नका असं कोणी म्हणत नाही, पण प्रमाण रोज साधारण सारखं लागतं.

माजिवड्याची मीरा
बाप रे. अ‍ॅसिट्रॉमच चालू आहे. गेला आठवडाभर घेतायत रस.

नेरूळची लॅबवाली
घाबरू नका, पण उद्या आयएनआर करून घ्या आणि रिपोर्टसकट त्यांच्या डॉक्टरांना कळवा. गोळीचा डोस घरी कमी-जास्त करू नका. सासूबाईंचं रात्री सविस्तर लिहिते, आत्ता कामावर आहे.

बाल्कनीतला शेतकरी
मी कासारवडवलीला राहतो, गेली काही वर्षं लावतोय. रक्त वाढतं की नाही ते लॅबवाल्या ताई सांगतील, मी लावायचं सांगतो.

गहू कोणताही चालतो. घरात लोकवन आहे ना, तोच घ्या. अट एकच, तो खायचा गहू असावा. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी-लाल रंग चढवलेला गहू चुकूनही नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. मूठ-दोन मूठ गहू धुऊन रात्रभर भिजवा, मग फडक्यात बांधून मोड आणा. पसरट ट्रेला खाली भोकं हवीत. त्यात इंच-दीड इंच माती किंवा कोकोपीट, त्यावर मोडाचे दाणे एकमेकांना खेटून पण एकावर एक नाहीत असे पसरायचे. पहिले दोन दिवस ओला कागद झाकायचा. कोंब वर आले की उजेडात, कडक उन्हात नाही. पाणी फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. आठव्या-नवव्या दिवशी पाती सहा-सात इंच होतात, तेव्हा मातीच्या जरा वरून कात्रीने कापायची. पुढे कांडं धरू लागलं की पात्यात चोथा वाढतो आणि चवही जाते. दुसरी कापणी निघते, पण ती फिकी.

रोज हवं असेल तर दररोज किंवा एक दिवसाआड नवा ट्रे लावावा लागतो. इथेच बहुतेकांचा उत्साह संपतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आता आपल्या हवेची गोष्ट. जून ते सप्टेंबर ठाण्यात हे काम जवळजवळ बंद ठेवावं असं माझं मत आहे. दमटपणात दाण्यांच्या थरात बुरशी धरते. मुळांवरची पांढरी लव बघून नवखे लोक ट्रे फेकून देतात, ती बुरशी नसते. लव प्रत्येक मुळाभोवती सारखी असते आणि पाणी मारलं की दिसेनाशी होते. बुरशी जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवरून पसरते, राखाडी किंवा काळपट पडते, वास कुबट येतो. ती दिसली तर अख्खा ट्रे जाऊ द्या, वरवरची पाती कापून घेऊ नका. कच्चं प्यायचंय, उकळणार नाही आहात.

आणि कबुतरं! घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जाळी नसेल तर ट्रे घरातच खिडकीशी ठेवा.

पहाटपक्षी
रस कसा काढता? माझ्या मिक्सरमध्ये नुसता चोथा होतो.

बाल्कनीतला शेतकरी
पाती बारीक कापा, थोडं पाणी घालून फिरवा आणि सुती फडक्यातून पिळा. खलबत्त्यातही होतो, हात भरून येतात एवढंच. सवय नसेल तर 15-20 मिलीपासून सुरू करा, एकदम ग्लास घेतला तर मळमळतं. काढला की लगेच प्यावा.

कोकणकन्या_ऐरोली
आमच्याकडे नवरात्रात घटाला माती घालून गहू, ज्वारी, जव असं मिसळून पेरतात. दसऱ्याला ते धान टोपीत, केसात खोचतो. दरवर्षी वाटतं, एवढं सुंदर कोवळं धान नुसतं विसर्जन करायचं? त्याचाच रस काढला तर? घरात ज्वारी भरपूर असते, ती लावली तर गव्हापेक्षा पौष्टिक नाही का? भाकरी पौष्टिक असते म्हणून विचारतेय.

शिवारातला
नाही! ज्वारी अजिबात नको. कृषी पदवीधर आहे, गाव सोलापूरकडे, हल्ली कोपरखैरणे. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, गुडघाभर झालेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर सोडतो का. कोवळ्या ज्वारीच्या पात्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पातं चावलं, कुटलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, म्हणजे सायनाइडच. गाई-बैल त्याने दगावतात. रोप जितकं कोवळं तितकं ते जास्त, आणि पाण्याचा ताण पडला की आणखी वाढतं. पीक वाढेल तसं प्रमाण उतरतं, वाळलेला कडबा म्हणूनच जनावरं बिनघोर खातात. दाण्यात हे द्रव्य नगण्य असतं, त्यामुळे तुमच्या भाकरीला काही धोका नाही.

घटातलं धान मिश्र असतं आणि नवव्या दिवशी कुठलं पातं गव्हाचं, कुठलं ज्वारीचं हे सगळ्यांना ओळखता येत नाही. ते खोचायला आणि विसर्जनालाच ठेवा. प्यायचं तर गहू, जव, ओट एवढ्यावरच थांबा.

कोकणकन्या_ऐरोली
अगं बाई! बरं झालं विचारलं. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "मला कुठे माहीत नव्हतं, कोवळ्या ज्वारीत गाय कोण सोडतं?" आता एवढं माहीत होतं तर मी दरवर्षी रसाचं बोलते तेव्हा गप्प का बसतात कोण जाणे.

जुना नौपाडकर
त्या 23 किलोच्या पाटीचं मूळ सांगतो, कारण हा आकडा आज मी गल्लोगल्ली बघतो. चार्ल्स श्नाबेल नावाचे एक अमेरिकन कृषिरसायनज्ञ होते. 1930च्या सुमारास त्यांनी कॅन्ससकडे कोंबड्यांच्या खाद्यात कोवळं धान्याचं गवत वाळवून मिसळलं, तर कोंबड्या धडधाकट झाल्या आणि अंडी वाढली. मग त्यांनी माणसांसाठी त्याची पूड बाजारात आणली. 15 पौंड गवत म्हणजे 350 पौंड भाजी, असं विधान त्यांच्या नावावर सांगितलं जातं. भागाकार करा, 23 येतात.

पण ते गवत शेतातलं, थंडीत सावकाश वाढलेलं आणि वाळवलेलं. ताज्या पालेभाजीत दहातले नऊ भाग पाणीच असतं. मेथी वाळवून तिची तुलना ओल्या मेथीशी केली तर तीही एकाला दहा भरेल. शिवाय गाडीवाला देतो तो ट्रेमधल्या नऊ दिवसांच्या पात्याचा पाणी घातलेला रस, त्याचा या आकड्याशी काही संबंध नाही.

रसाचं वेड पुढे अ‍ॅन विग्मोर या बाईंनी बोस्टनमधून पसरवलं. मधुमेह्यांचं इन्शुलिन सुटेल असले दावे केले म्हणून 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्यांच्यावर खटला भरला आणि त्यांना दावा मागे घ्यावा लागला. गोळ्या विसरा म्हणणारे तेव्हाही होतेच.

नेरूळची लॅबवाली
आता सासूबाईंचं.

'हिरवं रक्त' कुठून आलं ते आधी. पात्यातलं हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम यांची रचना खरंच सारखी दिसते, दोन्हींत एक कडं असतं. पण हरितद्रव्याच्या कड्यात मधोमध मॅग्नेशियम, हीममध्ये लोह. पोटात गेलेल्या हरितद्रव्याचं शरीर हिमोग्लोबिन करत नाही. शरीराला लोह लागतं, प्रथिनं लागतात, बी12 आणि फोलेट लागतं.

औंसभर, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम रसात लोह साधारण पाऊण मिलिग्रॅमच्या आत, प्रथिनं एक ग्रॅमपेक्षा कमी, व्हिटॅमिन सी जेमतेम 1 मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या कच्च्या पालकात लोह जवळपास तेवढंच, सी कितीतरी जास्त आणि अ जीवनसत्त्वाचं मूळ असलेलं बीटाकॅरोटीन तर कैक पटींनी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह आहे, पाळी चालू असलेल्या बाईला 29. आता त्या औंसभर रसाचा हिशेब तुम्हीच करा. वाईट आहे असं नाही, ती एक पालेभाजी आहे, घोटभर. बी12 मात्र झाडपाल्यातून मिळेल ही आशा सोडा.

पाटीवाले थॅलेसेमियाचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) दाखला देतात, तो पूर्ण खोटा नाही. चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये छोटा अभ्यास छापला होता. गव्हांकुराचा रस घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या काही मुलांना रक्त कमी वेळा चढवावं लागलं. पण मुलं मोजकी होती आणि नंतर दुसरीकडे केलेल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. तुमच्या सासूबाईंचा आजारच वेगळा असेल तर तो दाखला इथे लागू पडत नाही.

आणि मला खरी काळजी याची वाटते: 63 व्या वर्षी, पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर बाईचं लोह कमी होतंय, तर ते जातंय कुठे? गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेतात का? त्याने जठरात बारीक रक्तस्राव होऊ शकतो. मूळव्याध आहे का? शौच काळं होतं का? (लोहाच्या गोळीनेही काळं होतं, ते लक्षात ठेवून सांगा.) फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, शौचातलं लपलेलं रक्त एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या, गरज वाटली तर ते दुर्बिणीने बघतील. महिनाभर रस पिऊन वाट बघण्यात वेळ जातो, तो जाऊ देऊ नका.

गोळी सोसत नाही हेही डॉक्टरांना सांगाच. दिवसाआड घेणं, जेवणानंतर घेणं, दुसऱ्या प्रकारचं लोह, अगदीच नाही तर शिरेतून, असे पर्याय असतात. जेवणाबरोबरचा चहा बंद, तासाभराने घ्या, चहातलं टॅनिन लोह अडवतं. भाजीवर लिंबू पिळा. मासे-मटण खात असाल तर त्यातलं लोह अंगी सगळ्यात सहज लागतं.

पहाटपक्षी
तुम्ही फारच मोडीत काढलं हो. मला सकाळी घोटभर घेतल्याने बरं वाटतं, पोटही साफ राहतं. इस्रायलमध्ये मोठ्या आतड्याच्या जखमांवर अभ्यास झालाय, तोही खोटा का?

नेरूळची लॅबवाली
खोटा नाही. 2002चा आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे 23 रुग्ण, त्यांतल्या काहींना महिनाभर रोज 100 मिली रस, त्यांची लक्षणं कमी झाली. आशादायक, पण 23च. तुम्ही आवडीने घेताय, औषध बंद केलेलं नाही, ट्रे स्वच्छ आहे, तर माझी काहीच हरकत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा रस टाळलेलाच बरा, मोडांतून साल्मोनेलासारखे जंतू येऊ शकतात. गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार) असेल तरीही नको. ग्लुटेन पात्यात नसतं, दाण्यात असतं हे बरोबर, पण कापताना दाण्याचा तुकडा आला की झालं.

शिवारातला
जाता जाता, त्याच गाड्यांवर दुधीचा रस असतो. दुधी कडू लागला तर एक घोटही पिऊ नका, थुंकून टाका. आयसीएमआरने यावर स्पष्ट इशारा दिलेला आहे, माणसं गेलीत त्याने.

माजिवड्याची मीरा
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांचा आयएनआर खाली आलाय, डॉक्टरांनी बोलावलंय, उद्या जातोय. सासूबाई गुडघ्यासाठी गोळ्या घेतात हे मला आज कळलं, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणतात. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. रस मात्र त्यांना सोडवत नाहीये, म्हणून घरीच एक ट्रे लावीन म्हणते, पाऊस संपल्यावर. पावडरीचं कोणीच बोललं नाही?

बाल्कनीतला शेतकरी
मी घेत नाही. घ्यायचीच असेल तर पाकिटावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघा. हिरवा रंग उडून पिवळट झालेली असेल तर परत करा. त्या पैशात आठवडाभराची चवळी, माठ, शेवग्याचा पाला येतो, ही माझी तिरकस टिप्पणी समजा.

कोकणकन्या_ऐरोली
जव कुठे मिळतात चांगले? पूजेच्या दुकानातले नकोत, किडके असतात.

जुना नौपाडकर
जांभळी नाक्यावर धान्याची जुनी दुकानं आहेत, तिथे 'सालासकट जव' म्हणून मागा. सोललेले उगवत नाहीत. तुम्हाला ऐरोलीहून वाशीचं दाणा बंदर जवळ पडेल, पण तिथे घाऊक माल. पाव किलो मागितलंत तर हसतील.