नागपुरात किरायाने घर पाहिजे? आधी आडनाव सांगा

नागनदी:
परवा इथं एकानं लिहिलं की "शहरात जात उरलीच नाही, ती आता फक्त इलेक्शनमध्ये अन् ॲडमिशनच्या फॉर्मवर दिसते". त्यावर लोकांनी धडाधड अंगठे दिले म्हणून हे लिहून राह्यलो. दिवाळीपासून टू बीएचके शोधतोय, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, बेसा सगळं पालथं घातलं. फोनवर सगळे गोड, मिहानमध्ये नोकरी म्हटलं की आणखी गोड, मग हळूच "पूर्ण नाव काय म्हणाले तुम्ही?" मेश्राम म्हटलं की कोणाचा मुलगा पुण्याहून परत येतो, कोणाचं रंगकाम निघतं. एका काकूंनी तर सरळ विचारलं, जयंतीला डीजे तर नाही न लावत तुम्ही? काकू, तुमच्या गल्लीत गणपतीचे दहा दिवस काय टाळ-चिपळ्या वाजतात का?

१४ ऑक्टोबर १९५६ ला जिथं लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीला लागून असलेल्या लक्ष्मीनगर-बजाजनगरात हे चालू आहे. अन् कायद्याचं म्हणाल तर कलम १५ मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता सगळं लिहिलंय. किरायाचं घर तेवढं नाही.

धरमपेठी:
घर माझं, हप्ते मी भरले, किरायेदार कोण ठेवायचा ते मीच ठरवीन. बॅचलर पोरांना, वकिलांना, पोलिसांना पण कोणी घर देत नाही, त्यांनी कोणती केस टाकायची? आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, घरात मटणाचा वास नको, यात जात कुठून आली? आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानंच अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा फक्त पारशी मेंबर घ्यायचा नियम मान्य केलाय. उगाच प्रत्येक गोष्टीला जातीचा रंग देऊ नका.

नागनदी:
काका, वकिलाला घर नाही मिळालं तर त्याच्या पोराला पण वकिलाचा पोरगा म्हणून नाही हाकलत कोणी. अन् तो निकाल सोसायटीच्या मेंबरशिपचा आहे, किरायेदाराचं आडनाव विचारायचा नाही. पारशी काढलेच तर १९१७ चं बडोदं पण काढू. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथं कोणी जागा देईना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, अन् कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले. आता काठ्या नाहीत, "रंगकाम" आहे.

तांडापेठ:
मटणाच्या वासाचं नागपूरवाल्यानं बोलावं? रविवारी सावजीच्या दुकानासमोर ज्या गाड्या लागतात न, त्या कुठून येतात मले माहीत आहे. तोंडाला रुमाल बांधून पार्सल नेतात, घरी दार लावून खातात.

अन् विषय निघालाच तर ऐका. सावजी म्हणजे आम्हा हलबा कोष्ट्यांच्या घरचं जेवण. आमचा रस्सा सगळ्यांना चालते, आमचं आदिवासी असल्याचं सर्टिफिकेट नाही चालत. २००० मध्ये मिलिंद केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणते हलबा कोष्टी म्हणजे हलबा आदिवासी नाही. २०१७ मध्ये दुसरा निकाल आला, सर्टिफिकेट अवैध तर नोकरी पण नाही. मग सरकारनं आमच्या लोकांना अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर जागांच्या वरच्या जास्तीच्या पदावर टाकलं, अकरा-अकरा महिन्यांवर. माझा मोठा भाऊ त्यातच आहे. पंचवीसेक वर्षं नोकरी करून माणूस टेम्पररी, अन् तुम्ही टू बीएचकेचं रडून राह्यले.

वैनगंगा:
सावजी मस्तच, दुमत नाही. पण गडचिरोलीत कुरखेडा-कोरचीकडं जे हलबा आदिवासी राहतात त्यांच्या पोरांच्या जागा कोणी खाल्ल्या, ते पण सांगून टाका न. बोगस ते बोगस.

बाकी नागनदीभाऊ, मी पण मेश्रामच, पण गोंड. मलाही तेच रंगकाम ऐकवलं. म्हणजे हे लोक भेदभाव करतानाही नीट चौकशी करत नाहीत.

तांडापेठ:
बोगस कोणाले म्हणतो बे? आजोबाच्या दाखल्यावर हलबा, पणजोबाच्या कागदावर कोष्टी. कारकुनानं दारात माग पाहिला अन् धंद्यावरून जात लिहून टाकली. यात आमचा काय गुन्हा? तुझ्या पणजोबाचा कागद काढ न, दाखव इथं.

मोमिनपुरावाली:
तुमचं भांडण होऊ द्या निवांत. तुम्हाला निदान आडनाव तरी विचारतात. मी फोनवर नमस्कार म्हणते, मराठी यातल्या अर्ध्या लोकांपेक्षा शुद्ध बोलते. पहिलं नाव सांगितलं की समोरून "मिस्टरांना विचारून कळवते". मिस्टर आजपर्यंत कोणाचेच सापडले नाहीत. अमरावतीकडच्या सुखदेव थोरातांचा दिल्लीतल्या किरायाच्या घरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला होता, दलितांना होकार कमी अन् मुसलमानांना त्याहून कमी. कामवालीला सांगितलं तर ती पण म्हणाली, एवढं तर मला माहीत होतं.

धरमपेठी:
दिल्लीचं दिल्लीला. इंदोऱ्यात, जरीपटक्यात तुमचे लोक देतात का आम्हाला घर?

नागनदी:
जरीपटका सिंधी लोकांचा हो काका, आधी शहर तर बघा. इंदोऱ्यात माझ्या मामांकडं यूपीचे एक पंडितजी वर्षानुवर्षं किरायानं होते. खालून उदबत्ती, वरून शंख, कोणाला त्रास नाही.

उगाचच सून:
"शुद्ध शाकाहारी"चं मला विचारा. आमच्या वरच्या मजल्याच्या पाटीवर पण तेच लिहिलंय. मागचे किरायेदार सीकेपी होते, दर बुधवारी घरभर मासळीचा वास. सासूबाई जिना चढताना नाक दाबायच्या, खाली येऊन म्हणायच्या, चांगल्या घरचे लोक आहेत. त्याआधी एक गजभिये आले होते, नवराबायको दोघंही माळकरी, अंडंसुद्धा नाही. त्यांना सांगितलं, घर आधीच दिलंय. घर पुढं तीन महिने रिकामं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, किरायाचे पैसे काही माझ्या हातात येत नाहीत, पण मटणाच्या वासाचं कारण निदान माझ्यासमोर नका सांगू.

धरमपेठी:
तुमच्या सासूबाईंचा हिशोब माझ्या नावावर का? बरं, चला, मानलं की काही लोक शाकाहाराच्या आडून भलतंच करतात. काही लोक. उद्यापासून पाटीवर लिहितो, "दोन पाय असल्यास संपर्क साधावा". खूश? पण रात्री अकराला खलबत्ता वाजला तर वर येऊन भांडीन, कोणीही असो.

नागनदी:
भांडा न खुशाल. त्यासाठी आधी घर तर द्या.

तांडापेठ:
ते ठीक आहे, पण वैनगंगा कुठं पळाला? कागदाचं उत्तर राह्यलं.

वैनगंगा:
पळालो नाही, ड्युटीवर होतो. मिलिंदचा निकाल पूर्ण वाच. ज्यांच्या नेमणुका तोवर पक्क्या झाल्या होत्या त्यांना कोर्टानं तेव्हाच हात लावला नव्हता. त्यानंतर पण जे त्याच सर्टिफिकेटवर लागले, त्यांचं बोल.

तांडापेठ:
त्यांचंच बोलून राह्यलो. माझा भाऊ निकालाच्या आधी लागला की नंतर, हे तुले कोणी सांगितलं?