ग्रोटनला (कनेटिकट) शिफ्ट होतोय, राहायला कुठे बघावं?

पारिजातक:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला ग्रोटनला फायझरच्या रिसर्च साईटवर जॉब मिळालाय, जुलैत न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिकडे जायचंय. मुलगी सहावीत जाईल, मुलगा ऑक्टोबरात पाच पूर्ण करेल. नकाशा उघडला तर ऑफिसच्या शेजारीच इलेक्ट्रिक बोटचं पाणबुड्यांचं शिपयार्ड, नदीने थोडं वर गेलं की नेव्हीचा सबमरीन बेस, आणि पलीकडे वॉटरफर्डला मिलस्टोनचा अणुवीज प्रकल्प! सासूबाई रोज फोनवर विचारतात की मुलांना घेऊन अशा ठिकाणी कशाला जाताय, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. ग्रोटन, लेडयार्ड, वॉटरफर्ड, ईस्ट लाईम यातलं काय बघावं? लगेच घर घ्यावं का? आणि मी एच-फोर ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेला काम करायचा परवाना) आहे, मेकॅनिकल डिझाईनचा अनुभव आहे, इलेक्ट्रिक बोटमध्ये एवढ्या जागा निघतात तर तिथे अप्लाय करू का?

किनारा:
आम्ही वॉटरफर्डात राहतो. घर आत्तापासूनच शोधायला लागा, जुलैची वाट बघू नका. उन्हाळ्यात नेव्हीच्या बदल्या होतात, त्यात व्हर्जिनिया आणि कोलंबिया दोन्ही क्लासच्या पाणबुड्यांचं काम एकदमच चालू असल्याने इलेक्ट्रिक बोटची भरती जोरात आहे आणि घरं काही त्या वेगाने बांधली जात नाहीत. नेव्हीवाल्यांना घरभाडं भत्ता मिळतो, तो किती असतो हे इथल्या घरमालकांना पाठ असतं, त्यामुळे भाडं सहसा त्याच्या खाली उतरत नाही.

दुसरं म्हणजे अंतर मैलांत मोजू नका, नदी ओलांडावी लागते का ते बघा. बेसच्या नावात न्यू लंडन असलं तरी तो ग्रोटनच्या बाजूला आहे. वॉटरफर्ड आणि ईस्ट लाईम नदीच्या पश्चिमेला, म्हणजे रोज आय-९५ वरचा गोल्ड स्टार ब्रिज आला, आणि शिपयार्डची शिफ्ट सुटली की तिथे जे काय होतं ते एकदा दुपारी गाडी घेऊन बघूनच या. शाळांसाठी लोक ईस्ट लाईमला जातात ते मला पटतं, पण नवरा रोज ऑफिसला जाणार असेल तर मी लेडयार्ड किंवा मिस्टिककडे आधी बघेन.

जर्सीत नसलेला एक खर्च म्हणजे गाडीवर दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स. टाऊनच्या आतच असलेल्या सिटी ऑफ ग्रोटनमध्ये टाऊनच्या टॅक्सवर सिटीचा वेगळा लागतो, पण वीज ग्रोटन युटिलिटीजची असते आणि ती एव्हरसोर्स या मोठ्या वीज कंपनीपेक्षा स्वस्त पडते. जुन्या घरांत हीटिंग ऑइलवर असतं, भाडं ठरवताना टाकी कोण भरणार ते लिहून घ्या.

शमा_के:
सासूबाईंना सांगा की पहिली अणुपाणबुडी नॉटिलस ग्रोटनलाच बांधली, १९५४ मध्ये पाण्यात उतरवली, आणि आता ती बेसच्या गेटबाहेरच्या म्युझियममध्ये आहे, तिकीट नाही, आत शिरून बघता येते. त्या आल्या की नक्की न्या. पाणबुडीतली माणसं रिअॅक्टरपासून काही मीटरवर महिनोनमहिने झोपतात, तुमचं घर कितीतरी मैल लांब असेल.

पण काळजी करण्यासारखं काहीच नाही असंही मी म्हणणार नाही. बेसच्या आतल्या जुन्या कचराभूमी वगैरेंमुळे तो १९९० मध्ये सुपरफंड यादीत (सरकारने साफ करायला घेतलेल्या प्रदूषित जागांच्या) गेला, साफसफाई तेव्हापासूनची आहे. ग्रोटनमध्ये नळाचं पाणी जलाशयातून येतं. लेडयार्डला मात्र बऱ्याच घरांना स्वतःची बोअर असते, तिथे पाण्याची तपासणी केल्याशिवाय घर घेऊ नका, आर्सेनिक आणि रेडॉन (किरणोत्सारी वायू) दोन्हीची, ते इथल्या खडकातूनच येतं, बेसशी संबंध नाही. मिलस्टोनपासून दहा मैलांच्या आत असाल तर टाऊनकडून पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या (अपघात झालाच तर थायरॉइडच्या संरक्षणासाठी) घेऊन ठेवा आणि सायरनची टेस्ट असते हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर घाबरतात. आणि रोजचं काम म्हणजे गोचीड बघणं! गोचिडीमुळे होणाऱ्या लाईम रोगाला नाव मिळालं ते लाईम गाव इथून जवळच आहे. मुलं गवतातून खेळून आली की गुडघ्यामागे, काखेत, केसांत, न चुकता.

सह्यमित्र:
जॉबबद्दल स्पष्ट सांगतो, इलेक्ट्रिक बोटमध्ये डिझाईनच्या जागांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि तो नागरिकत्वाशिवाय मिळत नाही. ईएडीवर वेळ घालवू नका, संरक्षणाचं काम नसलेल्या कंपन्या बघा, ऱ्होड आयलंडही धरा.

मुलाचं लगेच बघा. २०२४ पासून कनेटिकटमध्ये केजीला १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात. शाळेला लेखी विनंती केली तर मुलाचं मूल्यमापन करून घेऊ शकतात, नाहीतर प्रीस्कूलची जागा आत्ताच शोधा.

मुलीच्या वर्गात नेव्हीची मुलं भरपूर असतील आणि याचा फायदा म्हणजे नवीन मुलीला कोणी एकटं पाडत नाही, सगळेच कधीतरी नवीन होते. पण त्यांची दोन-तीन वर्षांत बदली होते. माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण अशीच गेली तेव्हा ती जेवेना. आधी बोलून ठेवा तिच्याशी. कोणाचे बाबा समुद्रावर गेले असतील तर कुठे, कधी येणार हे विचारायचं नाही हेही सांगा, घरच्यांनाही ते ठाऊक नसतं आणि त्या महिन्यांत त्या आईला शाळेतून मुलं आणायला मदत लागते, ती जरूर करा.

पारिजातक:
खूप आभार सगळ्यांचे! केजीचं तर आमच्या डोक्यातही नव्हतं, उद्याच शाळेला मेल करते. पहिलं वर्ष भाड्याने राहायचं पक्कं. किनारा, बेस बंद होणार अशी चर्चा कुठेतरी वाचली, घर घेताना ते धरायचं का?

किनारा:
ते २००५ चं. पेंटॅगॉनने बंद करायच्या यादीत टाकला होता, ऑगस्टमध्ये ती यादी तपासणाऱ्या आयोगाने वगळला. आत्ता त्यावरून घर अडवू नका, समुद्राजवळचं असेल तर फ्लड झोन बघा, तो विमा नेहमीच्या पॉलिसीत येत नाही.