जुन्या धर्मशाळेत निराधार कुटुंबांसाठी खोल्या : परवानगीबाबत मदत हवी आहे

चोपडा येथील आमच्या नोंदणीकृत न्यासाची दुमजली धर्मशाळा १२ वर्षांपासून रिकामी आहे. केळीच्या बागांत रोजाने राबणाऱ्या विधवा व परित्यक्ता स्त्रियांना मुलांसह तेथे अल्प भाड्यात राहता यावे, आणि सोबत पाळणाघर व एक पूर्णवेळ कार्यकर्ती असावी, अशी आमची योजना आहे.

अभियंत्यांनी इमारतीची तपासणी केली आहे. भिंती भक्कम आहेत. मात्र वरचे मातीचे धाबे उतरवून सागवानी तुळया तपासल्याशिवाय कोणास राहू देऊ नये, असे त्यांनी लेखी कळवले असून ते आम्हांला मान्य आहे. इमारत पाडायची नाही, कारण वैशाखात पत्र्याच्या घरांत लेकरांचे जे हाल होतात, ते या जाड भिंतींच्या आत होणार नाहीत. मालकीबाबत वाद नाही. दुरुस्तीपुरता निधी जमला आहे.

खरी अडचण कायद्याची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. आम्ही ११ महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदवणार आहोत. परंतु मुले मोठी होईपर्यंत कुटुंबांना हलवायचे नाही, त्यामुळे त्यांचे नूतनीकरण होतच राहील. शिवाय न्यासाच्या घटनेत यात्रेकरूंची सोय एवढाच उद्देश आहे.

अशा वारंवार नूतनीकरणालाही पूर्वमंजुरी घ्यावी लागते का? आणि उद्देशातील बदल आधी मंजूर करून घ्यावा, की नगरपरिषदेकडे वापरबदलाचा अर्ज आधी करावा?